वेतनपटावरची माणसे

मध्य प्रदेशच्या कोष व लेखा आयुक्तांनी मे २०२५ मध्ये आपल्या राज्यातील हजारो आहरण व संवितरण अधिकाऱ्यांना, म्हणजे ज्यांच्या सहीने पगाराचे देयक निघते अशा कार्यालयप्रमुखांना, एक पत्र धाडले. राज्याच्या संगणकीय वेतनप्रणालीत सुमारे ५० हजार कर्मचाऱ्यांची नावे आणि क्रमांक शाबूत आहेत, परंतु डिसेंबर २०२४ पासून त्यांच्या नावे पगारच निघालेला नाही. हे कर्मचारी कोण आहेत, कोठे आहेत, आणि सेवेत नसतील तर त्यांची नावे अद्याप पटावर का आहेत, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र बाहेर येताच 'भूत कर्मचारी' हा शब्द वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून नाचू लागला आणि कोट्यवधींच्या संभाव्य अपहाराचे आकडे मांडले गेले. ही नोंदी पडताळण्याची नेहमीची कारवाई आहे, अशी भूमिका प्रशासनाने घेतली. प्रतिनियुक्तीवर गेलेले, निलंबित झालेले, निवृत्त वा मृत झालेले कर्मचारी पटावरून वेळीच उतरविले गेले नाहीत, तर असे होणे अशक्य नाही.

अपहार झाला की नाही हा तपासयंत्रणांचा विषय आहे. त्याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. आम्हांस अधिक गंभीर वाटते ती गोष्ट निराळीच. पैसा गेला नसेलही; परंतु आपल्या पटावरील ५० हजार नावांमागे जिवंत, कामावरची माणसे आहेत की नाहीत, हे एका राज्याला सहा महिने सांगता आले नाही, आणि तेही कागदी दप्तराच्या काळात नव्हे, तर वेतन आणि सेवाविषयक सर्व नोंदी एका यंत्रात आणल्याचा डांगोरा पिटून झाल्यावर! यंत्राने नावे जपली, माणसे मात्र त्यास ठाऊक नव्हती.

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. पवारांच्या संस्थानांमुळे माळव्याचा तो भाग शेकडो मराठी घराण्यांचे आजोळ झाला. त्याच धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस कुक्षीच्या वाटेवर बाग हे गाव लागते. लेण्यांतील भित्तिचित्रांमुळे आणि ठशांच्या छपाईच्या कापडामुळे त्याचे नाव दूरवर गेले आहे. पूर्वी ते शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात मोडत असे. आज तो आदिवासी पट्टा आहे. तेथील शाळामास्तराचा, परिचारिकेचा वा सरकारी महाविद्यालयातील शिपायाचा पगार भोपाळच्या यंत्रातून निघतो. एखाद्याच्या नोंदीत चूक झालीच, तर ती दुरुस्त करण्यासाठी त्याला प्रथम आपल्या कार्यालयातील कारकुनाला गाठावे लागते, मग कार्यालयप्रमुखाला, आणि तेथेही निभावले नाही तर धारच्या कोषागाराची वाट धरावी लागते. यंत्र एका क्षणात भोपाळहून बागेस पोहोचते. बागेतून भोपाळला तक्रार पोहोचावयास मात्र पूर्वी लागत असे तितकाच वेळ आजही लागतो.

याच प्रणालीची दुसरी बाजू शेजारच्या अलीराजपूर जिल्ह्याने दाखविली. तेथील कठ्ठीवाडा गटशिक्षण कार्यालयातून २०१८ ते २०२३ या काळात बनावट देयकांच्या आधारे २० कोटींहून अधिक रक्कम कोषागारातून उचलली गेल्याचा आरोप असून, अंमलबजावणी संचालनालयाने २०२५ मध्ये त्या प्रकरणी कारवाई केली. एका दुर्गम तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातून एवढी रक्कम पाच वर्षे निघत राहते आणि यंत्र ती मुकाट्याने देत राहते, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. यंत्राला देयकाचा आकार कळतो. ते खोटे आहे हे त्या गावात बसलेल्या आणि ओळखपाळख असलेल्या माणसालाच कळू शकते; आणि तोच माणूस खोटे करावयास बसला असेल, तर मग यंत्र त्याचे काम सोपेच करते.

हे सारे माळव्यातले. कोकण-गोमंतकाच्या किनाऱ्यावर बसून त्याची चिंता आपण का वाहावी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, आता पाळी विद्यापीठांची आहे. दिल्ली विद्यापीठाने केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या योजनेखाली तयार केलेली 'समर्थ' नावाची प्रणाली देशभरातील विद्यापीठांत पसरत आहे. प्रवेशापासून परीक्षेपर्यंत आणि रजेपासून वेतनापर्यंत सुमारे ४० कामे तीत सामावतात. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांनीही अलीकडच्या वर्षांत तिचा अंगीकार आरंभिला आहे. तेथील अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापक व कर्मचाऱ्यांचे पगार त्यापूर्वीच 'सेवार्थ' या राज्याच्या प्रणालीतून होऊ लागले होते. १९८५ साली मुंबई विद्यापीठाच्या पणजीतील केंद्राचा वारसा घेऊन उभे राहिलेले आमचे गोवा विद्यापीठ असो, वा त्याच्याशी संलग्न महाविद्यालये असोत, सेवा आणि वेतन यांच्या नोंदी एका छताखाली आणण्याच्या या लाटेपासून कोणी अलिप्त राहील असे संभवत नाही. त्यातच आठवा केंद्रीय वेतन आयोग नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर नेमला गेला असून त्यास अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. त्याच्या शिफारशी केंद्राने स्वीकारल्या आणि त्या पुढे राज्यांत व विद्यापीठांत आल्या, की प्रत्येक कर्मचाऱ्याची वेतननिश्चिती नव्याने करावी लागेल. ती याच नव्या यंत्रांवर आणि त्यांत आज जे काही भरले जाईल त्याच्याच आधारे होईल. म्हणून हा प्रश्न आजचा आहे.

पगाराचे देयक म्हणजे काय, याची बाहेरच्या माणसाला सहसा कल्पना नसते. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता अशी बेरीज आणि त्यातून काही वजाबाकी, एवढेच त्याला दिसते. एवढेच असते तर तो हिशेब शाळकरी पोरानेही केला असता. परंतु विद्यापीठाच्या आस्थापना शाखेत वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या कारकुनाला विचारा. एक प्रयोगशाळा परिचर पदोन्नत झाला, पण त्याने वेतननिश्चितीचा विकल्प पुढील वेतनवाढीच्या तारखेपासून मागितला आहे. एक अध्यापिका प्रसूतिरजेवर असतानाच तिची वेतनवाढ देय झाली. एका प्राध्यापकाची आधीच्या महाविद्यालयातील सेवा धरावयाची की नाही, याचा निर्णय अकरा वर्षे लोंबकळला आहे आणि तोपर्यंत त्याला तात्पुरते वेतन दिले जात आहे. एका शिपायाच्या पगारातून न्यायालयाच्या हुकुमाने पोटगीची रक्कम कापली जाते. दुसऱ्याच्या पगारातून कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचा हप्ता जातो आणि त्या संस्थेचे नाव नव्या यंत्राच्या यादीतच नाही. हे सर्व त्या कारकुनाच्या डोक्यात असते, त्याच्या वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले असते, फाइलीला टाचलेल्या चिटोऱ्यावर असते. नियमांच्या पुस्तकात ते सापडत नाही आणि प्रणाली रचणाऱ्या कंपनीच्या तरुण अभियंत्याला ते कोणी सांगितलेले नसते. संस्थेची स्मृती म्हणतात ती हीच. आणि नवे यंत्र येते तेव्हा पहिला घाला हिच्यावरच पडतो.

त्यातच आमच्या भूमीचे काही खास गुंते आहेत. गोमंतकात जुन्या पोर्तुगीज जन्मनोंदींत 'प्रभू' 'पोरोब' झाला, 'कामत' 'कामोतीं' झाला, आणि नाईकांच्या नावाला रोमन लिपीत भलतीच शेपटे जडली. बापाचे नाव एका वर्तनीत, मुलाचे दुसऱ्या, शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्या आणि आधारपत्रावर चौथ्या, हे घरोघरचे चित्र आहे. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या स्त्रियांची कथा तर विचारूच नये. कागदी सेवापुस्तकात हे सारे खपून जात असे, कारण पान उलटणाऱ्या माणसाला ठाऊक असे की ही व्यक्ती तीच. यंत्र मात्र आधार, पॅन आणि बँकेचे खाते या तिन्हींवरील अक्षरे जुळवून पाहते. एक अक्षर चुकले की पगार अडकतो. ज्याचा अडकतो त्याला कळते ते पहिल्या तारखेस, घराच्या कर्जाचा हप्ता बँकेतून परत गेल्यावर!

याहून सूक्ष्म, आणि म्हणूनच अधिक घातक, अशा चुका तर त्या दिवशी कळतही नाहीत. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठविता येते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे रोखीकरण होते. नव्या प्रणालीत पहिल्या दिवशी भरावयाची रजेची शिल्लक कोणी घाईघाईने तीस दिवसांनी कमी भरली, तर त्या कर्मचाऱ्याचा एक महिन्याचा पगार आजच बुडाला. त्याला ते कळेल पंधरा वर्षांनी, जेव्हा जुने रजापुस्तक वाळवीने खाल्लेले असेल. जन्मतारखेची चूक सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आतच दुरुस्त करून घ्यावी, असा सर्वसाधारण नियम आहे. ज्याची तारीख सेवापुस्तकात बरोबर आहे पण यंत्रात चुकीची चढली, त्याने कोणत्या नियमाखाली दाद मागावयाची? महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना अंशदायी निवृत्तिवेतन लागू झाले. कापलेल्या अंशदानाचा हिशेबच हाती येत नाही, ही अनुदानित शाळांतील शिक्षकांची तक्रार वर्षानुवर्षे चालली. पैसा कोठे तरी पडून राहतो. त्यावरील वाढ मात्र ज्या महिन्यांत मिळावयास हवी होती ते महिने परत येत नाहीत. प्राप्तिकराचेही तेच. २०२३-२४ या वर्षापासून जो कर्मचारी जुन्या करपद्धतीचा विकल्प कळवीत नाही त्याचा कर नव्या पद्धतीने कापला जातो. विकल्प देण्याची खिडकी नव्या प्रणालीत कोठे आहे हे ज्याला कोणी दाखविले नाही, तो गप्प राहिला. आणि यंत्राच्या भाषेत गप्प राहणे म्हणजे संमती.

यावर प्रत्येक विद्यापीठाचे ठरलेले उत्तर असते: आम्ही प्रशिक्षण दिले. ते प्रशिक्षण कसे असते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस अधिक सांगणे नलगे. सभागृहात दोनशे खुर्च्या, भिंतीवर चित्रफीत, कंपनीच्या प्रतिनिधीचे इंग्रजी-हिंदी मिश्रित भाषण, मध्ये चहा आणि बटाटेवडा, शेवटी कुलसचिवांचे आभारप्रदर्शन आणि उपस्थितीच्या कागदावर सह्या. ज्याला प्रत्यक्ष देयक तयार करावयाचे आहे तो वेतन शाखेचा कारकून बहुधा त्या सभागृहात नसतोच. देयक पाठविण्याची मुदत जवळ आल्यामुळे त्याला कार्यालयातच थांबवून घेतलेले असते! त्याच्या जागी मोकळा असलेला कोणी तरी जाऊन येतो आणि वापराची पुस्तिका आणून त्याच्या टेबलावर ठेवतो.

विद्यापीठ अशा रीतीने नव्या यंत्राला सामोरे गेले म्हणजे काय होते, ते मुंबईने २०१७ साली पाहिले. विषय वेतनाचा नव्हता, परीक्षेचा होता. पण धडा तोच. त्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाखांवर उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासावयाच्या, असा निर्णय परीक्षा तोंडावर आल्या असता घेण्यात आला. हजारो अध्यापकांनी तोपर्यंत असे काम कधी केले नव्हते. अल्प प्रमाणावर आधी प्रयोग करून पाहण्यास सवड ठेवली गेली नाही. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल लांबत गेले, परदेशी प्रवेश घेतलेल्या मुलांच्या हाती गुणपत्रिका नव्हत्या, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. देशातील एका जुन्या, मान्यवर विद्यापीठाच्या कुलगुरूवर अशी पाळी यावी ही लहान गोष्ट नव्हे. पडद्यावर उत्तरपत्रिका तपासणे ही कल्पना वाईट नव्हती. ज्यांनी ती अमलात आणावयाची त्यांना कोणी वेळेवर विचारले नाही, हे वाईट होते. महाराष्ट्रातील शाळांची 'शालार्थ' वेतनप्रणाली जानेवारी २०१८ मध्ये बंद पडली तेव्हाही कित्येक महिने शिक्षकांची देयके पुन्हा जुन्या पद्धतीने करावी लागली; आणि ती हाताने करता येणारी माणसे त्या कार्यालयांत अद्याप शिल्लक होती म्हणूनच पगार झाले.

ती माणसेच शिल्लक ठेवली नाहीत तर काय होते, हे पाहावयाचे असेल तर कॅनडाकडे पाहावे. श्रीमंत देश, सुशिक्षित नोकरवर्ग, जगप्रसिद्ध कंपनीचे यंत्र. तेथील केंद्र सरकारने आपल्या सुमारे २ लाख ९० हजार कर्मचाऱ्यांसाठी 'फिनिक्स' नावाची नवी वेतनप्रणाली फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू केली. वर्षाला सात कोटी डॉलर वाचतील असा हिशेब होता, आणि ही बचत यावयाची होती ती प्रामुख्याने वेतन-कारकुनांच्या जागा कमी करून. तशा सुमारे १२०० जागा आधीच रद्द झाल्या, आणि एका लहान शहरात उघडलेल्या मध्यवर्ती केंद्रात त्यांच्या निम्म्याहूनही कमी नवी माणसे बसविण्यात आली. खर्च वाढू लागताच यंत्रातील शंभरावर कामे गाळण्यात वा पुढे ढकलण्यात आली. मागील थकबाकीचा हिशेब करणे हे त्यांपैकीच एक होते! एका खात्यात आधी चालवून पाहण्याचा बेतही रद्द झाला. परिणामी वर्ष-सव्वा वर्षाने दीड लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या तक्रारी निकालाविना साचल्या होत्या. कोणाला पगारच नाही, कोणाला दुप्पट, आणि दुप्पट मिळालेल्यास तो परत करण्याची नोटीस. तेथील महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये या साऱ्यास अनाकलनीय अपयश म्हटले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या आरोग्य खात्यात २०१० मध्ये असाच गोंधळ उडाला आणि तो निस्तरण्याचा एकूण खर्च सव्वा अब्ज डॉलरच्या घरात गेला. कारकुनाचा पगार वाचविण्यासाठी किती पैसा खर्च करता येतो, याची ही उदाहरणे होत.

तथापि जुन्या पद्धतीची आरती ओवाळण्याचाही आमचा हेतू नाही. सेवापुस्तक बघावयास मागितले म्हणून चार महिने फेऱ्या मारणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. थकबाकीचे पुरवणी देयक पुढे सरकविण्यासाठी टेबलाखालून काय सरकवावे लागे, हे त्या पिढीला सांगावयास नको. ज्या कारकुनाच्या डोक्यात सारे होते, तोच काही ठिकाणी त्या ज्ञानाचा सावकार होऊन बसला होता. आपल्या रजेची शिल्लक, आपली कपात, आपली वेतनवाढ कर्मचाऱ्याला आपल्या भ्रमणध्वनीवर कोणाच्या मिनतवाऱ्या न करता दिसावी, हा फार मोठा लाभ आहे आणि त्यासाठी नवे यंत्र यावयासच हवे. कर्मचारी संघटनांनी विरोधासाठी विरोध करू नये. परंतु सावकारी संपविण्याच्या नावाखाली नवा सावकार बसत नाही ना, हेही पाहावे लागते. पासवर्ड साहेबांचा आणि बोट कंत्राटी ऑपरेटरचे, ही आपल्या कार्यालयांतील सर्रास रीत आहे. साहेबांना यंत्र येत नाही म्हणून ते आपला संकेतशब्द चिठ्ठीवर लिहून देतात. करणारा एक आणि तपासणारा दुसरा ही सारी योजना त्या चिठ्ठीपुढे फोल ठरते. नागपूर विभागात २०२५ मध्ये उघडकीस आलेल्या बनावट शालार्थ क्रमांकांच्या प्रकरणी शिक्षण खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांपर्यंत अटका झाल्या आणि विशेष तपास पथक नेमावे लागले. यंत्रात नाव चढले की तो माणूस शिक्षक ठरतो, आणि नाव चढले नाही तर वीस वर्षे शिकविणाराही कोणी नाही. या सत्तेला लगाम कोण घालणार?

म्हणून कर्मचाऱ्यांची तयारी म्हणजे कोणती कळ दाबावी याचे शिक्षण नव्हे. ती पुष्कळ आधी, सेवापुस्तकापासून सुरू व्हावयास हवी. यंत्रात एकही अक्षर भरण्यापूर्वी प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याच्या सेवापुस्तकाची प्रत हाती द्यावी, त्याने ती घरी नेऊन वाचावी, चुका दाखवाव्यात, आणि दुरुस्त झालेल्या पानावर त्याची व कार्यालयाची अशा दोन्ही सह्या व्हाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, त्यास सहा महिने सहज लागतात आणि त्याचे उद्घाटन करण्यास कोणी मंत्री येत नाही. बहुधा याच कारणाने ते वगळले जाते. दुसरे असे की, निदान तीन महिने जुने आणि नवे अशी दोन्ही देयके समांतर काढावीत. पगार जुन्यावर द्यावा आणि नव्याशी तो रुपया-पैशाने ताडून पाहावा. त्या तीन महिन्यांत एखादा महिना वेतनवाढीचा आणि एखादा महागाई भत्त्याच्या थकबाकीचा अवश्य असावा, कारण सरळ महिन्यात कोणतेही यंत्र बरोबरच चालते. यास खर्च येतो आणि वेतन शाखेवर दुप्पट बोजा पडतो, हे खरे. म्हणूनच त्या काळापुरते सेवानिवृत्त लेखापालांना मानधनावर परत बोलवावे. गावोगावी असे हिशेबी गृहस्थ पेन्शन घेऊन बसलेले आहेत, आणि सेवापुस्तकातील गिचमिड अक्षर कोणाचे आहे हे ओळखणारे तेच उरले आहेत.

प्रशिक्षणाच्या भाषेचाही विचार व्हावा. विद्यापीठाच्या वेतनपटावर केवळ प्राध्यापक नसतात. माळी असतो, पहारेकरी असतो, वसतिगृहाचा स्वयंपाकी असतो, ग्रंथालयातील पुस्तके वाहणारा असतो. रजेचा अर्ज यापुढे भ्रमणध्वनीवरूनच करावा असे परिपत्रक निघाले की यांपैकी कित्येक जण शेजारच्या बाकावरील मुलाला आपला भ्रमणध्वनी, संकेतशब्दासकट, देऊन टाकतात. सूचना मराठीतून आणि कोंकणीतून, ठळक अक्षरांत, चित्रांसह आणि दहा-दहा माणसांच्या गटांत समजावून द्यावयास हव्यात. आणि ज्याला हे जमणार नाही त्याचा कागदावरील अर्ज निदान वर्षभर तरी नाकारला जाऊ नये.

सर्वांत उपेक्षित वर्ग मात्र याच्याही बाहेर राहतो. महाराष्ट्रात त्यांना तासिका तत्त्वावरील अध्यापक म्हणतात, मध्य प्रदेशात त्यांना 'अतिथी विद्वान' असे गोंडस नाव दिलेले आहे, आमच्याकडे व्याख्यानांवर मेहनताना घेणारे म्हणून ते ओळखले जातात. विद्यापीठांतील शिकविण्याचा मोठा भार आज यांच्या खांद्यांवर आहे. यांचे मानधन तासांच्या हजेरीवर ठरते, सत्राच्या शेवटी एकदम निघते आणि कित्येकदा पुढचे सत्र अर्धे सरेपर्यंत निघत नाही. नव्या प्रणालीत ते 'कर्मचारी' म्हणून चढविले जाणार की 'इतर देयके' म्हणून, यावर त्यांचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून आहे. उद्या नियमित नेमणुकीसाठी अनुभवाचा दाखला लागला, तर यंत्रात ज्याची सेवाच नोंदलेली नाही त्याने कोणता कागद दाखवावयाचा? कायम सेवेतील माणसाचा पगार पंधरा दिवस लांबला तर तो पतसंस्थेकडून उसने आणतो. या अध्यापकांना पतसंस्थाही उभे करीत नाही. त्यांना या प्रणालीच्या पहिल्या दिवसापासून पटावर स्थान द्यावे आणि त्यांच्या तासांची नोंद महिन्याच्या महिन्याला त्यांनाच दिसेल अशी ठेवावी. नवे यंत्र आणून जर काही न्याय करावयाचा असेल, तर त्याचा आरंभ येथून करता येईल.

राहता राहिला तक्रारीचा प्रश्न. प्रत्येक प्रणालीबरोबर एक मदत क्रमांक येतो. तो लावला की संगीत ऐकू येते, आणि मग तक्रारीला एक आकडा मिळतो. बागेच्या शाळामास्तराला काय किंवा काणकोणच्या महाविद्यालयातील शिपायाला काय, या आकड्याचा उपयोग नाही. त्याला एक दार हवे, जेथे जाऊन तो म्हणू शकेल की माझा पगार चार हजारांनी कमी आला, हा पाहा मागचा कागद आणि हा आताचा. आणि समोरच्याला ती चूक त्याच दिवशी दुरुस्त करण्याचा, निदान फरकाची रक्कम आगाऊ देण्याचा अधिकार असावा. असा अधिकार असलेला एक अधिकारी विद्यापीठाने नव्या प्रणालीच्या पहिल्या वर्षासाठी नेमावा. त्याचे नाव, त्याच्या खोलीचा क्रमांक आणि तो तेथे बसण्याची वेळ प्रत्येक महिन्याच्या पगारपत्रकावर छापली जावी, आणि चूक दुरुस्त होईपर्यंत जादा गेलेल्या रकमेची वसुली कोणाच्याही पगारातून परस्पर होणार नाही, असे परिपत्रक प्रणाली सुरू होण्याच्या आधी काढावे, नंतर नव्हे.